एका मतदारसंघाचं मत कसं मोजायचं : सरकारच्या कामाबद्दलचं सर्वेक्षण, मतदार यादीपासून निष्कर्षापर्यंत

बसस्टँडवर उभं राहून पाचशे जणांना ‘सरकारचं काम कसं वाटतं’ असं विचारलं, तर पाचशे उत्तरं मिळतात. पण ती बसस्टँडवर आलेल्या लोकांची असतात. खुरपणीला गेलेली बाई, ऊसतोडीला गेलेलं जोडपं, अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि दुकानाच्या गल्ल्यावरून न उठणारा माणूस त्यात नसतो. व्हॉट्सअॅपवर फिरवलेल्या लिंकचंही तेच. तिथे तर ज्याला बोलायची खुमखुमी आहे तोच बोलतो. आकडा मोठा केल्याने हा दोष जात नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यांवरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. टेलिफोन आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या याद्यांवरून पत्ते घेतले की पत्रिका श्रीमंतांकडे जास्त जाणारच, आणि त्यातूनही ज्याला हौस आहे तोच ती परत पाठवणार.

म्हणून या कामात एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवायची: आपल्याशी कोण बोलणार हे चिठ्ठीने ठरलं पाहिजे, सर्वेक्षकाच्या सोयीने नाही, आणि बोलणाऱ्याच्या हौसेनेही नाही. इथे महाराष्ट्रातला एक विधानसभा मतदारसंघ धरून कृती दिली आहे. राज्यात असे २८८ आहेत आणि एकेकात साधारण तीन-साडेतीन लाख मतदार असतात.

किती मुलाखती घ्यायच्या

९५ टक्के विश्वासपातळी धरली (म्हणजे असंच सर्वेक्षण शंभरदा केलं तर साधारण पंचाण्णवदा खरा आकडा सांगितलेल्या मर्यादेत पडेल) आणि साधी चिठ्ठी पद्धत वापरली, तर ४०० मुलाखतींना उत्तरात सुमारे ४.९ टक्के वर-खाली फरक पडू शकतो. ६०० मुलाखतींना ४ टक्के, १,००० ना ३.१ आणि २,४०० ना २ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायची तर मुलाखती चौपट कराव्या लागतात. मतदारसंघात तीन लाख मतदार आहेत की पाच लाख, याने या हिशोबात जवळजवळ काहीच बदलत नाही. ‘एवढ्या लाखांत सहाशेच?’ हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात येतो. त्याचं उत्तर तयार ठेवा.

खरा पेच पुढे आहे. सहाशे माणसं सहाशे ठिकाणी शोधणं परवडत नाही, म्हणून आपण काही बूथ निवडतो आणि त्यांतच मुलाखती घेतो. एका बूथमधले लोक एकाच रस्त्याने जातात, एकाच टाकीचं पाणी पितात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. हे सारखेपण ०.०५ इतकं धरलं (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच), तर ३० बूथ आणि प्रत्येकी २० मुलाखती या ६०० मुलाखतींचं वजन खरं तर ३०८ इतकंच भरतं आणि चूक ५.६ टक्क्यांवर जाते. तेच ६० बूथ आणि प्रत्येकी १० मुलाखती केल्या, तर ती ४.८ राहते. रस्ता, पाणी, वीज या प्रश्नांत सारखेपण आणखी जास्त असतं. पैसे मर्यादित असतील तर प्रत्येक बूथमधल्या मुलाखती कमी करा, बूथ कमी करू नका.

बूथ निवडणं

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून मतदारसंघाची ताजी यादी, पुरवणी याद्यांसह उतरवून घ्या. यादी भागवार असते. एका भागासाठी एक मतदान केंद्र, म्हणजे आपल्या बोलीतला बूथ. प्रत्येक भागाच्या एकूण मतदारांचा आकडा एका तक्त्यात भरा. भाग भौगोलिक क्रमाने लावा: तालुका, मग महसूल मंडळ, मग गाव, आणि शहरी भाग वेगळे एका जागी. हा क्रम नीट लागला की निवड आपोआप सगळ्या पट्ट्यांत पसरते.

आता मतदारांची चढती बेरीज मांडा. समजा एकूण ३,२४,००० मतदार आहेत आणि ६० बूथ हवेत. भागाकार ५,४००. १ ते ५,४०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा २,३१८. चढत्या बेरजेत २,३१८ वा मतदार ज्या भागात पडतो तो पहिला बूथ. मग ७,७१८, मग १३,११८, असं ५,४०० ची उडी घेत शेवटपर्यंत जा. मोठ्या बूथला निवडलं जाण्याची संधी जास्त मिळते, आणि ती तशीच मिळायला हवी.

निवडलेला बूथ दुर्गम निघाला, पाड्यावर जायला गाडीच नाही, म्हणून शेजारचा घेऊ नका. जिथे रस्ता पोचत नाही तिथलं सरकारबद्दलचं मत वेगळं असतं आणि आपण तेच मोजायला निघालो आहोत.

नावं काढणं

प्रत्येक निवडलेल्या बूथमधून १८ नावं काढा. बूथमध्ये १,०८० नावं असतील तर ६० ची उडी. १ ते ६० मधून चिठ्ठी काढली, २३ आला, तर २३, ८३, १४३ असे अनुक्रमांक. ५४० नावांच्या बूथमध्ये उडी ३० ची. गणित करून पाहा: १,०८० च्या बूथची निवड होण्याची शक्यता पाचात एक आणि त्यातल्या मतदाराची साठात एक. ५४० च्या बूथची दहात एक आणि मतदाराची तिसात एक. दोन्हीकडे गुणाकार तीनशेत एक. प्रत्येक मतदाराला समान संधी मिळाली, म्हणून या टप्प्यावर वेगळं भारांकन, म्हणजे उत्तरांना कमी-जास्त वजन देणं, लागत नाही. ज्या नावावर ‘वगळले’ असा शिक्का आहे ते आलं तर रद्द धरा, त्याच्या खालचं घेऊ नका.

ही पद्धत वस्त्यांसाठी फार महत्त्वाची आहे. यादी वस्तीवार आणि घरवार लागलेली असते. त्यामुळे उडी घेत खाली आलं की गावठाण, दलित वस्ती, तांडा, मळ्यातली घरं सगळीकडची नावं येतात. उलट सर्वेक्षकाला ‘गावात जा आणि दर पाचवं घर घे’ एवढंच सांगितलं, तर तो पारापासून सुरुवात करतो आणि गावठाणातच दहा मुलाखती पुऱ्या होतात.

अठरांपैकी साधारण दहा मुलाखती होतील असं धरून चालायचं, पण दहा झाल्या म्हणून थांबायचं नाही. अठराच्या अठरा नावांचा पाठपुरावा करायचा. दहाला थांबलो तर दिवसा घरी सापडणारेच दहा मिळतात: म्हातारी माणसं, बेरोजगार मुलं, घरकाम करणाऱ्या बायका. प्रत्येक नावासाठी निदान तीन खेपा करा, तिन्ही वेगळ्या वेळी, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी आठच्या आत. तरी माणूस नाही मिळाला तर तशी नोंद करा, पण शेजाऱ्याला त्याच्या जागी बसवू नका. भावालाही नाही.

नोंदीचे प्रकार आधीच ठरवा: मुलाखत झाली, नकार, तीन खेपांत भेट नाही, तात्पुरतं स्थलांतर, कायमचं स्थलांतर, मृत, असा कोणी इथे नाही. शेवटचे तीन प्रकार प्रतिसादाचं प्रमाण काढताना वगळायचे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत वर्षानुवर्षं राहतात, ती कायमच्या स्थलांतरात जातात. ऊसतोड कामगार मात्र तात्पुरते बाहेर असतात आणि मतदानाला परत येतात. बीड किंवा अहिल्यानगरच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च सर्वेक्षण केलं, तर एक अख्खा वर्ग हातातून जातो. वेळ आपल्या हातात असेल तर गळीत हंगाम टाळा. नसेल तर घरच्यांकडून नंबर घेऊन फोनवर छोटी मुलाखत घ्या आणि ती वेगळी नोंदवा.

प्रश्नावली

कागदी मराठी सोडा. ‘शासनाच्या धोरणात्मक कामगिरीचे मूल्यमापन आपण कसे कराल’ या प्रश्नाला ‘चांगलं आहे की’ एवढंच उत्तर येतं, कारण माणसाला प्रश्न कळलेला नसतो आणि पाहुण्याला नाराज करायचं नसतं. त्याऐवजी: ‘राज्य सरकारच्या गेल्या वर्षभरातल्या कामावर तुम्ही समाधानी आहात की असमाधानी?’ उत्तर आल्यावर दुसरा प्रश्न: ‘पूर्ण, की थोडेफार?’ अशा दोन पायऱ्यांत चार पर्याय मिळतात. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वाचून दाखवायचा नाही, पण कोणी म्हटलं तर निमूट नोंदवायचा. ढकलून ‘थोडेफार समाधानी’त घालू नका.

क्रमाला अर्थ असतो. आधी मोकळा प्रश्न: ‘तुमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मग सरकारच्या एकूण कामाबद्दलचं मत, आणि त्यानंतर एकेक विषय. पाण्याचे चार प्रश्न विचारून झाल्यावर एकूण मत विचारलं, तर माणूस पाण्यावरच मत देतो. जात, धर्म, शिक्षण, उत्पन्न अगदी शेवटी.

विषयवार प्रश्नांत अनुभव आधी, मत नंतर. ‘पाणीपुरवठा कसा आहे?’ यापेक्षा ‘तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं: रोज, दिवसाआड, आठवड्यातून दोनदा, की त्याहून कमी?’ हे विचारा. शेतीपंपाला वीज दिवसा मिळते की रात्री, रेशन गेल्या महिन्यात पूर्ण मिळालं का, सात-बाऱ्याच्या कामाला किती खेपा घालाव्या लागल्या, असंच. मग विचारा की हे काम कोणाचं: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आमदार, राज्य सरकार, केंद्र सरकार. लोक अनेकदा गावच्या रस्त्याचा राग दिल्लीवर आणि दिल्लीच्या निर्णयाचा राग सरपंचावर काढतात. ही गल्लत दुरुस्त करत बसू नका, तीही मोजा. कोणत्या पातळीवर खरोखर निवडून आलेले लोक आहेत हेही आधी तपासा. राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदा २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासकांकडे होत्या. अशा वेळी ‘सदस्याचं काम कसं वाटतं’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

योजनांचे प्रश्न सगळ्यात नाजूक. महिन्याला १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, मग अर्जांची छाननीही झाली. तेव्हापासून दारात कागद घेऊन आलेला कोणीही नाव कापायला आलेला वाटू शकतो. म्हणून घरात चारचाकी आहे का, उत्पन्न किती, असे प्रश्न योजनेच्या आधी आले की बाई सावध होते आणि पुढची सगळी उत्तरं गोड येतात. आधी साधं विचारा: ‘गेल्या तीन महिन्यांत किती हप्ते जमा झाले?’ नंतर योजनेबद्दलचं मत.

काही चुका इतक्या रुळल्या आहेत की मसुदा झाल्यावर खास त्यांच्यासाठी एकदा वाचन करावं. ‘रस्ते आणि पाणी यांबाबत समाधानी आहात का?’ हे दोन प्रश्न आहेत. ‘वाढत्या महागाईला सरकार जबाबदार आहे का?’ यात महागाई वाढलीच हे आपणच सांगून टाकलं. ‘कर्जमाफी व्हावी असं वाटतं का?’ याला जवळपास सगळे हो म्हणतील. त्यातून काही शिकायचं तर दोन बाजू समोर ठेवाव्या लागतात: ‘काहींना वाटतं सरकारने कर्जमाफी करावी, काहींना वाटतं तोच पैसा सिंचनावर खर्च करावा. तुम्हाला काय वाटतं?’ निम्म्या अर्जांत पहिली बाजू आधी आणि निम्म्यांत दुसरी आधी ठेवा.

मत कोणाला देणार किंवा दिलं, हे तोंडी विचारू नका. पक्षांची नावं आणि चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका आणि बंद पेटी द्या. दिल्लीतल्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती कार्यक्रम ही पद्धत वापरत आला आहे आणि आपल्याकडे ती चालते, कारण सरपंचाचा माणूस पारावर बसला असला तरी घडी घालून पेटीत टाकलेला कागद त्याला दिसत नाही. मतपत्रिकेवर प्रश्नावलीचा क्रमांक टाकत असाल तर तसं मतदाराला सांगा. लपवून खूण करणं ही फसवणूक आहे.

पूर्ण प्रश्नावली २० ते २५ मिनिटांत संपली पाहिजे. छापण्याआधी नमुन्याबाहेरच्या गावांत २५-३० मुलाखती घेऊन पाहा आणि सर्वेक्षक कुठे अडखळतो, कुठला प्रश्न परत विचारायला लागतो, ते लिहून ठेवा. भाषा तिथेच दुरुस्त होते. खानदेशात अहिराणी, नंदुरबारात भिली-पावरी, सोलापुरात तेलुगू, मालेगावात उर्दू बोलणारा सर्वेक्षक लागतो. सर्वेक्षकाने जागेवर मनाने केलेलं भाषांतर म्हणजे प्रत्येक घरी वेगळा प्रश्न, म्हणून त्या भाषेतली वाक्यंही आधी लिहून द्या.

दारात

पहिली अर्धी मिनिट सगळं ठरवते. सर्वेक्षकांकडून हे बोलणं पाठ करून घ्या:

‘नमस्कार. आम्ही अमुक संस्थेकडून आलो आहोत. सरकारच्या कामाबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारतो आहोत. तुमचं नाव मतदार यादीतून चिठ्ठीने निघालं आहे. हा कुठल्याही योजनेचा अर्ज नाही, यातून काही मिळणार नाही आणि काही बंदही होणार नाही. आधार, बँक खातं, ओटीपी काही लागणार नाही. तुमचं नाव कुठे येणार नाही. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं बोलाल का?’

योजनेचा खुलासा गाळू नका. सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची योजनांसाठी नोंदणी करण्याचे प्रकार इतके झाले, की २ मे २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षांना ते थांबवायला सांगितलं. लोकांच्या मनात ती गल्लत अजून आहे.

सर्वेक्षक स्त्री-पुरुष जोडीने पाठवा आणि बायकांशी बाईच बोलेल असं पाहा. घरात गेलं की मुलगा किंवा नवरा म्हणतो, ‘तिला काय कळतंय, मला विचारा.’ जोडीतल्या दुसऱ्याने अशा वेळी त्यांना बाजूला घेऊन गावाबद्दल बोलतं ठेवायचं, म्हणजे मावशींशी नीट बोलता येतं. कोणी शेजारी बसलंच, तर ‘मुलाखतीच्या वेळी दुसरं कोण हजर होतं’ या रकान्यात तशी नोंद करा. विश्लेषणात ती उपयोगी पडते. गावच्या पुढाऱ्याला सोबत घेऊन घरं दाखवून घेऊ नका. घर सापडत नसेल तर अंगणवाडी सेविका किंवा पोस्टमन यांना पत्ता विचारा आणि एकटे पुढे जा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. शहरात सोसायटीच्या गेटवर अडवतात. तिथे सेक्रेटरींना एक दिवस आधी पत्र द्या, आणि स्थानिक पोलीस ठाण्यालाही माहितीचं पत्र व सर्वेक्षकांची नावं देऊन ठेवा.

एका सर्वेक्षकाकडून दिवसाला आठ मुलाखतींपेक्षा जास्त मागू नका. प्रत्येक मुलाखतीमागे पैसे आणि वर घाई, यातूनच झाडाखाली बसून भरलेले फॉर्म येतात. रोजंदारी द्या.

रोजची तपासणी

कोबो टूलबॉक्स किंवा ओडीकेसारखं मोबाइलवर फॉर्म भरायचं साधन वापरलं तर नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो आणि सुरुवात-शेवटाची वेळ आपोआप नोंदली जाते. त्याच रात्री बघा: वीस मिनिटांची मुलाखत आठ मिनिटांत कशी झाली? सलग दहा प्रश्नांना एकच पर्याय का? एकाच सर्वेक्षकाकडे नकार शून्य कसे? शेवटची खूण बहुतेक लोक सोडून देतात. खऱ्या कामात नकार येतातच. किमान दहा टक्के घरी दुसऱ्या माणसाने परत जाऊन किंवा फोन करून वय, घरातली माणसं आणि दोन साधे प्रश्न पडताळावेत. बनावट सापडली तर त्या सर्वेक्षकाच्या सगळ्या मुलाखती बाद करून ती नावं दुसऱ्याकडे द्या.

भारांकन

यादीत ४८ टक्के स्त्रिया आणि नमुन्यात ४२ टक्के आल्या, तर प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला ४८ भागिले ४२, म्हणजे १.१४ वजन, आणि पुरुषांना ५२ भागिले ५८, म्हणजे ०.९०. असंच वयोगट आणि शहरी-ग्रामीण यांसाठी आळीपाळीने करत जायचं, आकडे जुळेपर्यंत. लिंग आणि वय यादीतूनच मिळतं. अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण २०११ च्या जनगणनेतून घ्यावं लागतं, इतर जातींसाठी तिथे आकडा नाही, तेव्हा अंदाजाने वजन देऊ नका. कुणाचं वजन तीनच्या वर गेलं, तर त्या गटाची माणसं फारच कमी भेटली आहेत. त्यावर गणिताने पांघरूण घालण्यापेक्षा परत गावात गेलेलं बरं.

मागच्या निवडणुकीत कोणाला मत दिलं याची उत्तरं नमुना २० या अंतिम निकालपत्रकातल्या बूथवार निकालाशी ताडून पाहा, पण ती जुळावीत म्हणून वजन फिरवू नका. जिंकलेल्याला मत दिलं असं सांगणारे नेहमी जास्त निघतात.

आकडे वाचणं

सहाशेंत एका तालुक्यातल्या ८० स्त्रिया असतील, तर त्यांच्याबद्दलच्या आकड्यात ११ टक्के वर-खाली होऊ शकतं, आणि तेही बूथचा परिणाम न धरता. असा आकडा छापू नका. दोन फेऱ्यांची तुलना करताना आणखी सावध राहा. मागच्या खेपेला ४६ टक्के समाधानी, यंदा ५०, आणि प्रत्येक फेरीची चूक ४.८ असेल, तर फरकावरची चूक ६.८ होते. चार टक्क्यांची ही वाढ सरकारच्या बाजूने किंवा विरोधात मांडण्यासारखी नाही.

‘सांगता येत नाही’ म्हणणारे वगळून टक्केवारी काढू नका. कुठल्या विषयावर ते जास्त आहेत आणि कोणत्या गटात, हाच अनेकदा खरा निष्कर्ष असतो. एखाद्या धोरणावर निम्म्या स्त्रियांना मतच नसेल, तर ते धोरण त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

अहवालात या गोष्टी छापा: मुलाखतींच्या तारखा, किती नावं काढली, किती भेटली, किती नकार, बूथ किती, प्रश्न जसाच्या तसा, भारांकन कशाचं, पैसे कोणी दिले. यातलं एकही दडवलेलं असेल, तर वाचणाऱ्याने त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

निवडणूक जवळ असेल तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ बघूनच तारखा ठरवा. कलम १२६ खाली मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निकाल टीव्हीसारख्या माध्यमांतून दाखवता येत नाहीत. कलम १२६क खाली आयोगाने अधिसूचित केलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) घेणं आणि प्रसिद्ध करणं दोन्ही बंद आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नाव-पत्ता असलेली यादी आणि उत्तरं पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या फाइलींत ठेवा, मध्ये फक्त एक क्रमांक. फेरतपासणी संपली की नावांची फाइल आणि सर्वेक्षकांच्या हातातले कागद नष्ट करा. अचूक जीपीएस असेल तर ते गावाच्या पातळीवर आणा. ज्याने सर्वेक्षणाचे पैसे दिले त्यालाही नावं मिळणार नाहीत हे करारातच लिहून घ्या, कारण कोणत्या घराने काय सांगितलं ही माहिती सगळ्यात आधी तोच मागतो.